‘माझं डोकं, माझी मर्जी’ म्हणणाऱ्यांसाठी हेल्मेटची पूर्ण माहिती

मी फिजिओथेरपिस्ट आहे. डोक्याला मार लागलेला माणूस शस्त्रक्रियेतून वाचून घरी आला की पुढचं काम माझ्याकडे येतं. त्याला कुशीवर वळवणं, बसवणं, उभं करणं, पहिलं पाऊल टाकायला लावणं. त्यामुळे मी जे सांगणार आहे ते अपघाताच्या क्षणाबद्दल कमी आणि त्यानंतरच्या वर्षांबद्दल जास्त आहे. हेल्मेट घेताना काय बघायचं आणि ते डोक्यावर कसं बसवायचं ते खाली सविस्तर येईलच. पण आधी वादाचं बोलू. मनातला वाद मिटला नाही तर घेतलेलं हेल्मेट आरशाला लटकत राहतं.

आधी निर्णय कसा घ्यायचा

‘डोकं माझं आहे, फुटलं तर माझं फुटेल, इतरांना काय त्याचं?’ हा प्रश्न मी उडवून लावत नाही. त्यासाठी माणसांनी किंमत मोजली आहे. ब्रिटनमध्ये 1973 साली हेल्मेट सक्तीचं झालं. फ्रेड हिल नावाच्या एका निवृत्त शिक्षकाने ही सक्ती मानली नाही. दंड भरायला नकार दिला, पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले आणि 1984 मध्ये, सत्तरी उलटून गेल्यावर, तुरुंगातच वारले. त्यांचं म्हणणं मला पटत नाही, पण त्या माणसाबद्दल मला आदर आहे. एकोणिसाव्या शतकातला इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल म्हणायचा की सज्ञान माणसावर जबरदस्ती करायची तर ती फक्त दुसऱ्याला इजा होऊ नये म्हणून करावी, त्याचं स्वतःचं भलं व्हावं म्हणून नाही. हे तत्त्व मला मान्य आहे. म्हणूनच सगळा प्रश्न एका जागी येऊन थांबतो. डोकं फुटलं तर इजा खरंच एकट्याची असते का?

माझ्या एका पेशंटच्या घरी सकाळी काय चालायचं ते सांगते. पुढच्या मेंदूला मार लागला होता. हातापायांत ताकद परत आली, चालता येऊ लागलं, बोलणंही स्पष्ट झालं. पण आपणहून काही सुरू करण्याची शक्ती गेली होती. बायको शर्ट हातात द्यायची आणि शेजारी उभी राहायची. ‘उजवा हात घाल.’ तो घालायचा. ‘आता डावा.’ तो घालायचा. ‘आता वरचं बटण.’ ती दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत गेली तर तो एक हात बाहीत घालून तसाच बसून राहायचा, चिडत नाही, कंटाळत नाही, नुसता बसलेला. वास येणंही बंद झालं होतं. नाकातून मेंदूकडे जाणारे वासाचे नाजूक तंतू डोक्याला जोराचा हिसका बसला की तुटू शकतात. गॅस गळत असला तरी त्याला कळणार नाही, म्हणून त्याला घरी एकटं सोडता येत नव्हतं. बायकोने नोकरी सोडली. हेल्मेट घालायचं की नाही हे त्याने ठरवलं होतं, आणि ते ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं.

अशा अपघातात दुसऱ्या गाडीवर कुणीतरी असतं, त्याचाही विचार करा. धडक तीच, चूक तेवढीच. पण त्या धडकेत आपलं मनगट मोडलं तर त्याच्यासाठी एक गोष्ट आणि आपण गेलो तर दुसरी. आपण डोकं उघडं ठेवतो तेव्हा त्या अनोळखी माणसाने आयुष्यभर उराशी बाळगायचं ओझंही आपणच ठरवत असतो.

कायद्याच्या जगातही हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेत 1966 नंतर केंद्र सरकारच्या दबावामुळे जवळजवळ सगळ्या राज्यांनी हेल्मेट सक्तीचं केलं. 1976 मध्ये दबाव उठला आणि अनेक राज्यांनी कायदे ढिले केले. मधल्या काळात, 1972 साली, मॅसॅच्युसेट्समधल्या एका संघराज्य न्यायालयापुढे हाच मुद्दा आला. न्यायालयाने म्हटलं ते थोडक्यात असं की माणूस जखमी झाल्या क्षणापासून समाजच त्याला रस्त्यावरून उचलतो, सार्वजनिक रुग्णालयात नेतो, नोकरी गेली तर भत्ता देतो आणि कायमचं अपंगत्व आलं तर त्याच्या कुटुंबाचाही भार कदाचित समाजावरच येतो. मिशिगन राज्याने 2012 मध्ये 21 वर्षं पूर्ण झालेल्यांना विनाहेल्मेट चालवायची मुभा दिली, तीही निदान 20,000 डॉलरचं जादा वैद्यकीय विमा संरक्षण असेल तरच. मला ही अट फार बोलकी वाटते. मुभा देणाऱ्यांनीच मान्य केलं की खर्च दुसऱ्याच्या खिशातून जाऊ शकतो. आणि विमा बिल भरतो, बाहीत हात घालायला शेजारी उभा राहत नाही.

‘मग सिगारेट, गिर्यारोहण, सगळंच बंद करा’ असं कुणी म्हणेल. हा प्रश्न रास्त आहे आणि कुठे थांबायचं याची नेमकी रेघ मलाही ओढता येणार नाही. पण मी दोन्ही बाजू तोलते. गिर्यारोहकाला डोंगर चढू नको म्हटलं तर त्याचा सगळा आनंदच काढून घेतला. दुचाकीस्वाराला हेल्मेट घाल म्हटलं तर त्याची गाडी, त्याचा रस्ता, त्याचा वेग, त्याचं भटकणं काहीच जात नाही. मागणी एवढीशी आणि टळणारं संकट एवढं मोठं असेल, तर ती मागणी मला जाचक वाटत नाही.

तरीही ठरत नसेल तर एक करा. तुम्ही सहा महिने अंथरुणावर पडलात तर कुठलं काम कोण करेल ते कागदावर लिहा. दर दोन तासांनी कुशीवर कोण वळवेल (नाहीतर पाठीला जखमा होतात), अंघोळ कोण घालेल, घरात पगार कुणाचा येईल. प्रत्येक कामापुढे एक नाव येईल. मग त्या माणसांकडे जा आणि मी हेल्मेटशिवाय गेलो तर चालेल का, असं त्यांना विचारा. तुमच्या स्वातंत्र्यात ज्यांचं स्वातंत्र्य गुंतलंय त्यांचं मत घेऊन मग काय ते ठरवा.

हेल्मेट नेमकं काय करतं

‘मी सावकाश चालवतो’ हे मी रोज ऐकते. साधं गणित सांगते. उभ्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवरून, म्हणजे दीड-पावणेदोन मीटरवरून डोकं खाली आदळलं, तर जमिनीला लागताना त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या आसपास असतो. गाडी उभी असली तरी. आणि पडण्याचं कारण नेहमी आपला वेगच असतो असंही नाही. 1935 च्या मे महिन्यात टी. ई. लॉरेन्स, म्हणजे ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून ओळखले जाणारे ब्रिटिश सैनिक-लेखक, मोटारसायकलवरून चालले होते. समोर सायकलवर दोन मुलगे आले, त्यांना चुकवताना ते फेकले गेले आणि सहा दिवस बेशुद्ध राहून वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. ते पुढे या विषयाच्या मागेच लागले, सैन्यातल्या मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांचा अभ्यास केला आणि 1941 मध्ये तो प्रसिद्ध केला. त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

हेल्मेटचं खरं काम बाहेरचं चकचकीत कवच करत नाही. कवच टोकदार वस्तू अडवतं आणि मार पसरवतं. जीव वाचवतो तो आतला थर्मोकोलसारखा दाट थर. डोकं आदळलं की तो चेपतो आणि चेपता चेपता डोक्याला थांबायला काही मिलिसेकंद जास्त देतो. एवढ्या अवधीने मेंदूवरचा झटका खूप कमी होतो. पण हा थर एकदा चेपला की परत फुगत नाही. बाहेरून ओरखडासुद्धा नसला तरी आतलं संरक्षण त्या जागी संपलेलं असतं. म्हणून जोराचा मार बसलेलं हेल्मेट पुन्हा वापरू नका आणि कुणाला देऊही नका. जुनं, वापरलेलं हेल्मेट विकत न घेण्याचं कारणही हेच. त्याने आधी काय सोसलंय ते बघून कळत नाही.

उपयोग किती? जगभरातल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा कोक्रेन संस्थेने 2008 मध्ये प्रसिद्ध केला. अपघात झाल्यास हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे 42 टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे 69 टक्क्यांनी कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. म्हणजे हेल्मेट घातलं की काही होत नाही असं मुळीच नाही. हेल्मेट घातलेले पेशंटही माझ्याकडे येतात. पण त्यातले बरेच जण मोडलेल्या पायासाठी येतात आणि पुढची तारीख स्वतःच लक्षात ठेवतात.

निवडायचं कसं

आधी प्रमाणन बघा. आयएसआय (भारत), ईसीई (युरोप), डॉट (अमेरिका) किंवा स्नेल (अमेरिकेतली खासगी संस्था) यांपैकी तुमच्या देशात जे ग्राह्य आहे ते. ईसीईच्या 22.06 या नव्या आवृत्तीत तिरक्या धडकेची चाचणीही आली आहे. रस्त्यावर डोकं क्वचितच सरळ आदळतं. ते बहुतेकदा घासत, वळत आदळतं, आणि त्या वळण्यानेच मेंदूतले तंतू ताणले जाऊन तुटतात. डोक्याचा फक्त माथा झाकणारी वाटी घेऊ नका. हनुवटी झाकणारं, पूर्ण चेहऱ्याचं हेल्मेट घ्या. जबडा मोडलेल्या माणसाला नळीने भरवताना मी पाहिलंय, म्हणून याबाबत मी हट्टी आहे.

माप घ्यायला शिंप्याची टेप भुवयांच्या वर साधारण दोन-अडीच सेंटिमीटरवर ठेवा आणि डोक्यामागच्या सर्वांत फुगीर भागावरून फिरवा. आकडा मिळाला की कंपनीच्या तक्त्यात बघा, पण विश्वास डोक्यावर घालून बघण्यावरच ठेवा. कंपनीगणिक आतला आकार बदलतो, कुणाचा गोल, कुणाचा लांबट.

घालताना दोन्ही पट्टे बाहेरच्या बाजूला ताणून डोकं आत घ्यायचं. नवं हेल्मेट थोडं झगडूनच आत गेलं पाहिजे. गाल आत दाबले गेले पाहिजेत, बोलताना गालाची आतली बाजू दाताला लागली तरी चालेल. मग दोन्ही हातांनी हेल्मेट धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर माप बरोबर. कातडी जागच्या जागी आणि हेल्मेट एकटंच फिरलं तर एक माप लहान घ्या. त्यानंतर पंधरा-वीस मिनिटं ते डोक्यावरच ठेवून दुकानात फिरा. ही पायरी लोक टाळतात. काढल्यावर कपाळावर एकाच जागी लाल ठिपका दिसला, किंवा तिथे ठणकायला लागलं, तर त्या हेल्मेटचा आकार तुमच्या डोक्याचा नाही. मऊ अस्तर वापराने थोडं सैल होतं, आतला कडक थर होत नाही. म्हणून सर्व बाजूंनी सारखा घट्टपणा चालतो, पण एका बिंदूवर टोचणारं हेल्मेट पुढे डोक्यावर राहत नाही.

रंग शक्यतो फिकट घ्या. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात (2004) काळ्या हेल्मेटच्या तुलनेत पांढरं हेल्मेट घालणाऱ्यांना इजा करणाऱ्या अपघाताचा धोका 24 टक्के कमी दिसला. रात्री गडद काच नको. काचेवर ओरखडे पडले की समोरच्या दिव्यांचे तारे फुटतात. अशी काच लगेच बदला, ती फार महाग नसते.

पट्टा

न बांधलेलं हेल्मेट पहिल्या आपटीत उडतं आणि दुसरी आपटी उघड्या डोक्याला बसते. पट्टा हनुवटीच्या टोकावर नाही, तिच्या खाली गळ्याशी बसला पाहिजे आणि आत एक किंवा फार तर दोन बोटं जातील इतका आवळलेला हवा. दोन कड्यांचा पट्टा असेल तर तो दोन्ही कड्यांतून ओवायचा, मग वरच्या कडीवरून मागे वळवून फक्त खालच्या कडीतून ओढून घ्यायचा. बांधून झालं की एक परीक्षा घ्या. मान खाली करा आणि कुणाला तरी हेल्मेटची मागची कड धरून पुढे ढकलायला सांगा. हेल्मेट डोळ्यांवरून पुढे निघून आलं तर एकतर पट्टा सैल आहे किंवा माप मोठं आहे. केसांचा उंच अंबाडा किंवा क्लिप आत असेल तर हेल्मेट खाली बसतच नाही. केस मानेपाशी बांधा. चष्मा हेल्मेट घातल्यावर घाला.

मागे बसणाऱ्याचं हेल्मेट

‘माझी मर्जी’ हे वाक्य मागच्या सीटवर लागू होत नाही. मागे बसलेल्याला ब्रेक कधी लागणार ते कळत नाही, खड्डा दिसत नाही, हातात हँडल नसतं. त्याने आपला जीव चालवणाऱ्याच्या हवाली केलेला असतो. म्हणून त्याच्या हेल्मेटची जबाबदारी गाडी चालवणाऱ्याची आहे असं मी मानते. घरात रोज जो मागे बसतो त्याच्या मापाचं वेगळं हेल्मेट घ्या. आपलं जुनं, ढिलं झालेलं त्याला देऊ नका. लहान मुलाच्या डोक्यावर मोठ्यांचं हेल्मेट म्हणजे काहीच नाही. ते फिरतं, डोळ्यांवर येतं आणि त्याच्या कोवळ्या मानेवर वजन टाकतं. मुलाच्या मापाचं मिळालं नाही तर त्याला दुचाकीवर नेऊ नका. इथे मी कुणाचंही स्वातंत्र्य ऐकून घेत नाही, कारण मुलाने अजून काहीच निवडलेलं नाही.

दुसऱ्याशी बोलायचं कसं

आकडे फेकून कुणी ऐकत नाही. ओरडून तर नाहीच. माझा भाचा मला म्हणाला होता, ‘मावशी, गाडी माझ्या पैशाची, डोकंही माझंच. तू कशाला त्रास करून घेतेस?’ मी म्हटलं, ‘आण बघू तुझं हेल्मेट.’ हातात घेतलं तर ते त्याच्या मापापेक्षा मोठं होतं. वेग वाढला की वारा आत घुसून ते वर उचललं जायचं, पट्टा गळ्याला काचायचा, काच धुक्याने भरायची. मी त्याला दुकानात नेऊन मापाचं, पुढे-मागे हवेची भोकं असलेलं घेऊन दिलं. स्वातंत्र्यावरचं बोलणं तिथेच थांबलं.

तेव्हापासून मी आधी हेल्मेट बघते आणि मग बोलते. तत्त्वाची भाषा करणाऱ्या बऱ्याच जणांची खरी तक्रार घाम, खाज, डोकेदुखी ही असते. त्यावर उपाय आहेत. पातळ सुती टोपी आत घाला, अस्तर काढून सौम्य साबणाने धुवा, पूर्ण वाळल्यावरच परत बसवा. कवचाला पेट्रोल, थिनर किंवा रंग लावू नका, त्याने ते ठिसूळ होतं. आरशाला टांगू नका, आतलं अस्तर आणि थर तिथे दबतो. अपघात झाला नसला तरी पाच वर्षांनी बदला. स्नेलचा सल्लाही हाच आहे.

‘ऐकू येत नाही, बाजूचं दिसत नाही’ असंही म्हणतात. यावर अमेरिकेत प्रत्यक्ष चालकांना रस्त्यावर घेऊन चाचण्या झाल्या. मार्गिका बदलताना पूर्ण हेल्मेट घातलेल्यांनी मान थोडी जास्त वळवली, एवढाच फरक पडला. हॉर्न ऐकण्यात फरक दिसला नाही. तेव्हा ज्याची ही तक्रार असेल त्याला मान वळवायची सवय लावायला सांगा. आणि एवढं करूनही कुणी तत्त्व म्हणून नाहीच म्हणाला, तर वर सांगितलेला कामांच्या यादीचा कागद त्याच्यापुढे ठेवा आणि नावं त्याच्याच हाताने लिहून घ्या.

रस्त्यात कुणी पडलेला दिसला तर

आधी मदतीचा फोन करा आणि मागून येणारी वाहनं थांबवा. हेल्मेट घाईने ओढून काढू नका, मानेचा मणका दुखावलेला असू शकतो. काच वर करा, श्वास चालू आहे का बघा, त्याच्याशी बोलत राहा आणि मान हलवू नकोस म्हणून सांगा. श्वास अडत असेल, उलटी होत असेल किंवा छाती दाबायची वेळ आली असेल तरच हेल्मेट काढा, आणि तेही दोघांनी मिळून. एकाने खालून मान आणि जबडा दोन्ही हातांनी पक्का धरायचा, दुसऱ्याने पट्टा सोडून किंवा कापून हेल्मेटच्या दोन्ही बाजू ताणत, सावकाश, सरळ रेषेत बाहेर घ्यायचं. काही हेल्मेटांना गालाच्या गाद्या खालून ओढून काढण्यासाठी लाल फिती असतात. त्या दिसल्या तर आधी गाद्या काढा, काम सोपं होतं. काढलेलं हेल्मेट रस्त्याच्या कडेला टाकून देऊ नका. ते जखमी माणसाबरोबर रुग्णालयात पाठवा. कवच कुठे घासलंय, कुठे तडकलंय हे पाहून मार कुठल्या बाजूने बसला असेल याचा अंदाज डॉक्टरांना येतो.